तिसऱ्या वळणावरची चंद्राबाई

अठरा मिनिटं म्हणे! अठरा! अहो, अठरा मिनिटांत मला माझी दुसरी चप्पल घावत न्हाई, आन् त्यो मोबाईलमधला नकाशा सांगतोय की हिर्डोशीच्या रस्त्यावरनं आमच्या वरच्या वाडीला चालत अठरा मिनिटं! कोण चालणार? घार? का वानर? सरका वो ताई जरा, गाडीला अजून अवकाश हाय, बसू द्या मला, उभ्यानं तक्रार केली की दम लागतो. हां... तर माझी तक्रार हाय. लिवून घ्या.

न्हाई, हसू नका. तुमास्नी सांगते, ह्या सगुणाबाईनं जन्मभर तक्रारी केल्या. नळाला पाणी न्हाई, केली. खांबाला दिवा न्हाई, केली. मग खांबच वाकला, ती बी केली. आन् समोरचा काय म्हणायचा? "बरं बरं आजी, बघू." हे 'बघू' ऐकून ऐकून माझे केस पांढरे झाले, पण एकानंबी कधी कागद पुढं ओढला न्हाई. आन् ह्या वर्षी, सगळ्या आयुष्यात पयल्यांदा, एका बाईनं माझी तक्रार लिवून घेतली, तिला नंबर दिला, आन् वर 'आभारी आहे' म्हणली! तवापास्नं माझ्या मागं जे काय लागलंय...

पण असं मधनंच सांगितलं तर तुमास्नी काय कळायचं? शिवानीपास्नं सांगते.

शिवानी म्हणजे आमच्या शेजारच्या संजयची पोरगी. संजय टेम्पो चालवतो, भोर ते कापूरहोळ, कापूरहोळ ते भोर, दिवसभर तेच. पोरगी हितं भोरात कॉलेजला, कंप्युटर शिकती, शेवटचं वर्ष. दिसायला एवढीशी, वाऱ्यानं उडंल अशी, बोलायला त्याहून कमी. पण डोकं! अहो, डोकं म्हणजे काय! आन् मी उगाच कुणाचं कौतुक करत न्हाई, माझ्या सुनेला विचारा. मी शाळेचं तोंड बघितलं न्हाई. अक्षरं शिकले ती खताच्या गोण्यांवरनं. पयला शब्द वाचला तो 'युरिया'. त्याच महिन्यात ह्या स्टँडवर गाडीची पाटी वाचली आन् चुकीच्या गाडीत बसलेली चार शिकलेली माणसं खाली उतरवली. त्यामुळं स्वतःचं स्वतः शिकणारं माणूस मला लांबनं वळखू येतं. ही पोरगी तसली.

ही पोरगी बसायची कुठं? माझ्या गोठ्यात! का? तर सगळ्या वाडीत रेंज येती ती फक्त माझ्या गोठ्याच्या मागल्या कोपऱ्यात, म्हशीच्या गव्हाणीपाशी. चार फूट हिकडं न्हाई, चार फूट तिकडं न्हाई. म्हशीचं नशीब बघा. तर पोरगी गव्हाणीवर पाट टाकणार, पाटावर लॅपटॉप, तो बी मावसभावाचा मागून आणलेला, आन् तासन् तास बसणार. मी एक दिवस विचारलं, "काय गं, काय वाचतीस एवढं?"

"आजी, लोकांनी लिहिलेलं वाचते. हे जे प्रोग्राम असतात ना, काही लोक ते लिहितात आणि उघडे ठेवतात. कुणीही बघावं, कुणीही वापरावं, चूक दिसली तर कुणीही दुरुस्त करून द्यावी. ओपन सोर्स म्हणतात."

"आन् पैसे?"

"नाही घेत."

म्या म्हणलं, बाई गं! आमच्या चंद्राबाईनं चाळीस वर्षं काळ्या मसाल्याची कृती सांगितली न्हाई, पोटच्या पोरीला न्हाई, मसाला भाजताना दाराला कडी लावती, आन् हितं लोकं अख्खं डोकं चव्हाट्यावर मांडून बसल्यात! मला ते लई आवडलं. खरं सांगते, तवाच आवडलं.

मग म्हणती, "आजी, ह्यात एक कार्यक्रम आहे. नव्या मुलांना तीन महिने एका जाणत्या माणसाच्या हाताखाली घेतात, मेंटर म्हणतात त्याला. तो शिकवतो, आपण खरं काम करायचं. आणि ते तीन महिने शिकणाऱ्याला पैसे देतात."

झालं! ही बातमी धनाजीला कळली. आता धनाजी म्हणजे आमच्या वाडीतला जाणता. त्याला सगळं म्हायती असतं, फक्त खरं काय तेवढं सोडून. आला की हात मागं बांधून. "सगुणाकाकू, फसवणूक हाय ही. सरळ फसवणूक! आवं, वस्तू फुकट वाटायची, शिकवायचं फुकट, आन् वर शिकणाराला पैसे? आसं कुठं आसतंय? आधी देतो म्हणतेत, मग बँकेचा नंबर मागतेत, मग बसा बोंबलत!"

म्या म्हणलं, "धनाजी, लावणीच्या सावडीला तू येतोस ना? आज माझ्या खाचरात, उद्या तुझ्या, परवा तिच्या. कोण कुणाला पैसे देतं?"

"न्हाई, पण ती सावड..."

"आन् नवी सून पयल्यांदा लावणीला आली की तिला मधे घेतो का न्हाई? एका बाजूला जाणती बाई, दुसऱ्या बाजूला जाणती बाई, तिची ओळ वाकडी गेली की मुकाट्यानं सरळ करायची. आन् दुपारची भाकरी पयली कुणाला? तिलाच ना? का? तर उपाशी माणूस शिकत न्हाई. ही सावडच हाय. फकस्त खाचर जगाएवढं मोठं हाय."

धनाजीनं मागं बांधलेले हात सोडले. शिवानी माझ्याकडं अशी बघायला लागली जशी मी म्हशीच्या जागी उगवले. म्हणती, "आजी, हे मला अर्जात लिहायचं होतं आणि चार दिवस जमत नव्हतं." लिव म्हणलं बाई, माझी कृती बी उघडीच हाय.

पण अर्ज नुसता घेत न्हाईत वो! आधी काहीतरी काम करून दाखवायचं. एक तरी चूक शोधायची, दुरुस्त करायची, ती तिथल्या जाणत्यांनी मान्य करायची, मगच अर्जाला वजन. आन् संजयनं काय सांगितलेलं? "एकदा बघ. निवड झाली तर झाली. न्हाई झाली तर परीक्षा संपली की शिरवळला कंपनीत पॅकिंगला जायचं, म्या बोलून ठेवलंय." संजय वाईट न्हाई हां. टेम्पोत जन्म गेला, त्याला पोरीच्या डोक्यावर पंखा पायजे. आन् पॅकिंगबी वाईट न्हाई, कष्टाचं काम हाय. पण तुमीच सांगा, ज्या पोरीला बंद खोकं दिसलं की उघडून बघावंसं वाटतं, तिला जन्मभर खोकी बंद करायला बसवायची? माझी तक्रार हाय. लिवून घ्या.

शिवानीनं एक नकाशा धरला. असाच उघडा, लोकांनी मिळून केलेला. त्याच्यात कुठनं कुठं चालायला किती वेळ लागंल ते काढणारा जो भाग असतो, तो वाचत बसली. पंधरा दिवस वाचली. पण सोपं काम दिसलं की कुठल्यातरी देशातल्या पोरानं आधीच हात वर केलेला! लग्नातली जिलबी कशी, ताट येईपर्यंत परात रिकामी, तसं. अर्जाची मुदत पुढल्या सोमवारची संध्याकाळ, आन् ह्या मंगळवारपर्यंत पोरीच्या हाताला काय लागलं न्हाई. तोंड एवढंसं. म्हसबी तिच्याकडं बघून रवंथ करायची थांबली.

आन् त्याच मंगळवारी दुपारी दोघं आली. नवरा-बायको, पुण्याची, पाठीवर ह्या एवढाल्या पिशव्या. आली म्हणजे काय, माझ्या ओट्यावर पडलीच! बाई म्हणती, "पाणी..." बाप्या म्हणतो, "अठरा मिनिटं... लिहिलं होतं... अठरा..." आन् त्याच्या डोळ्यांत पाणी! पाजलं पाणी, घातलं ताक. म्या म्हणलं, लेकरांनो, खालची शेवटची गाडी पाचला हाय, चारला उठा. तर हा शहाणा मोबाईल बघून म्हणतो, "अठराच मिनिटं आहेत आजी, उतारच तर आहे. साडेचारला निघू." निघाली. आन् सहाला परत माझ्या ओट्यावर! गाडी चुकलेली. मग काय, पिठलं आन् नाचणीची भाकरी. खाताना म्या त्याच्या हातातला मोबाईल घेतला आन् शिवानीला हाक मारली, "ए पोरी, ये हिकडं! कोण हाय ह्या नकाशाचा मालक? मला त्याचा नंबर पायजे!"

शिवानीनं बघितलं. अशी दचकली! "आजी, हा तोच नकाशा आहे! मी वाचतेय तो! ह्याला मालक नाही, हा सगळ्यांचा आहे."

"मालक न्हाई तर तक्रार कुणाकडं करायची?"

"सगळ्यांकडे."

"म्हणजे कुणाकडंच न्हाई! ग्रामसभेवानी!"

"नाही आजी, इथं लिहून घेतात."

लिवून घेतात! माझ्या कानावर माझा इश्वास बसंना. पदर खोचला आन् बसले गव्हाणीवर. म्हणलं, घाल. "नकाशा करणाऱ्यास वरच्या वाडीच्या सगुणाबाईचा नमस्कार. तुमी आमचा डोंगर भाकरीवानी थापून सपाट केला हाय. तुमचा नकाशा माणसाला पाखरू समजतो. वाटेत चढ असतो, घसारा असतो, माणसाला गुडघे असतात, हे तुमास्नी कुणी सांगितलं न्हाई का?" शिवानी विंग्रजीत टाकत होती. म्या म्हणलं, "गुडघे घातलंस का? गाळू नगंस हां काय!" म्हणती, "घातले आजी, दोन्ही घातले."

आन् दुसऱ्या दिवशी उत्तर! शेफालीबाई म्हणून हाय, कलकत्त्याकडची, राहती कुठंतरी बर्फात, ती तिथली जाणती. तीच ह्या पोरांची मेंटर. तिनं काय लिवलं? तक्रार बरोबर आहे. चालायचा वेळ काढताना आम्ही चढ धरतच नाही. नंबर दिलाय. आभारी आहे! तुमास्नी सांगते, म्या त्या दिवशी जेवताना सुनेला दोनदा सांगितलं, माझ्या तक्रारीला नंबर हाय म्हणून.

पण पुढं काय लिवलं म्हायतेय? 'आता दुरुस्ती करायची तर मापं हवीत. लहानमोठ्या वयाची दहा माणसं त्या वाटेनं न थांबता चढू देत, किती वेळ लागतो ते मोजून पाठवा, आणि त्यावरून हिशेब बांधून दाखवा.' हिशेब बांधायचं काम शिवानीचं. तिचे डोळे असे चमकले! मापं द्यायचं काम वाडीचं. सोपं हाय की! पोरीनं दहाबारा जणांच्या मोबाईलमध्ये कसलंसं मोजायचं यंत्र घातलं, धनाजीच्या, माझ्या सुनेच्या, चंद्राबाईच्या मोबाईलमध्येसुद्धा; ती वाट चढत न्हाई, तरी कशासाठी ते न इचारता 'मला बी घाल' म्हणली आन् कमरेला खोवून बसली. नुसतं खिशात ठेवायचं, ते आपोआप लिवतं, माणूस कुठं हाय, किती वाजता हाय. पोरीनं सांगितलं, खालच्या रस्त्यापास्नं वाडीपर्यंत चालत या, कुठंही थांबू नका.

कुठंही थांबू नका! आता ह्याच्यातच सगळी मेख. कारण आमच्या वाटेवर तिसरं वळण हाय, आन् तिसऱ्या वळणावर चंद्राबाईचं घर.

चंद्राबाई माझ्यापरीस दोन वर्षांनी मोठी, बहात्तर. दिवसभर दारात बसती, निवडायचं सूप मांडीवर. वाटेनं कुणी दिसलं की, "कुठनं आलीस गं? बस की." आन् आमच्याकडं असं हाय, दारातनं विचारलं तर थांबावं लागतं. उत्तर द्यायचं, तिच्या गुडघ्यांचं विचारायचं, ती आपल्या सुनेचं विचारणार, मग च्या. न थांबता पुढं गेलात तर संबंध तुटला म्हणून समजायचं. शंभर वर्षांत कुणी तसं गेलं न्हाई.

शनिवारी सगळ्यांची मापं जमली, पाठवली. रविवारी शेफालीबाईचं उत्तर, 'काम छान चाललंय. पण एक कळत नाही. दहाही माणसं तिसऱ्या वळणावर अर्धा तास थांबलेली दिसतात. सगुणाबाई तर पन्नास मिनिटं. तिथं काही अडथळा आहे का? ओढा, दरड?'

शिवानी लाजून लाल. तिनं लिवलं, 'तिथं एक आजी राहतात.'

तिकडनं आलं, 'त्यांना वळसा घालून जाता येईल का?'

म्या म्हणलं, "लिव, बहात्तर वर्षांत कुणाला जमलं न्हाई!"

हसता काय? पोरीच्या गळ्याशी आलेलं! मुदतीला एक दिवस. तिनं मांडलेला हिशेब तयार, पण सगळ्या मापांत चंद्राबाई मिसळलेली. कुणी म्हणलं, चंद्राबाईला जाऊन सांगा की थांबवू नका म्हणून. सांगा! 'तुमी वाटेतला अडथळा आहात' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? रुसली असती ती जन्माची, आन् रुसायच्या आधी दोन तास 'का गं?' विचारली असती. म्या म्हणलं, "शिवाने, उद्या सकाळी मी चढते. गप. तोंड उघडत न्हाई. एक तरी माप चोख देते तुला."

सून म्हणली, "आत्याबाई, तुमी? गप?"

बघा! घरातनं हा मान.

सोमवारी सकाळी खालनं निघाले. पयलं वळण, दुसरं वळण. ऊन चढलेलं, घाम डोळ्यात, डोळ्यातनं पाणी, दम छातीत मावंना. तिसरं वळण आलं. दारात ती. सूप मांडीवर. "आलीस व्हय सगुणे? कुठं गेल्तीस एवढ्या सकाळी? बस की."

म्या पदर दातात धरला. मान खाली. चालले.

"सगुणे? ...अगं सगुणे, बोल की! ...काय झालं गं?"

अहो, काय सांगू! सत्तर वर्षांत हे तोंड असं बंद झालं नव्हतं. लगीन लागताना अंतरपाटामागनं बोलले होते मी! आन् तिचा आवाज बदलत चाललेला पाठीमागं, "सगुणे... सगुणे गं..." आन् मला ध्यानात आलं. पण तवर उशीर झालेला. आमच्याकडं एकाच येळी माणूस न बोलता दारावरनं जातं. घरात मयत झाली असली तरच! तोंडात पदर, डोळ्यात पाणी, मान खाली... चंद्राबाईनं सूप फेकलं आन् हंबरडा फोडला, "अगं बाई गंऽऽ! सगुणाच्या घरी कोन गेलं गंऽऽ!"

आता मी काय करू? थांबले तर माप गेलं. वळून 'न्हाई न्हाई' म्हणले तरी पाय थांबायचे. तुमीच सांगा, माझ्याच घरची रड माझ्या पाठीमागं चाललीया, ह्या वस्तीतनं त्या वस्तीत हाका जाताहेत, कुत्री भुंकताहेत, आन् मी ठणठणीत जिवंत, पुढं पुढं चाललेय, तोंडातनं चकार शब्द न्हाई! माझी तक्रार हाय. ही तर लिवूनच घ्या.

गोठ्यात पोचले. शिवानी नाचतीच, "आजी! चोपन्न मिनिटं! एकदाही थांबला नाहीत!" म्या बोट दाखवलं मागं.

सगळी वाट माणसांनी भरलेली. बाया रडताहेत, बाप्ये टोप्या काढून. धनाजी तर खांद्यावर कळकच घेऊन आलेला, तिरडीसाठी! तयारीचा माणूस. पुरून उरंल आमास्नी. आन् सगळ्यांच्या पुढं, साऱ्या वस्तीला हाका घालून मग निघालेली, पदर उडालेला, केस सुटलेले, चंद्राबाई. माझ्या गळ्यातच पडली. "कोन गेलं गं? थोरला का धाकटा? सांग की गं, मी हाय ना..."

"कुणी न्हाई गं चंद्रे. समदी बरी हाईत."

"मग बोलली का न्हाईस?"

"मोबाईल मोजत होता."

चंद्रीनं खाली वाकून चप्पल शोधली, मला हाणायला. चप्पल नव्हती. अहो, अनवाणी आलेली ती! बारा वर्षांत माझ्या दारात पाऊल टाकलं न्हाई, "गुडघे चालत न्हाईत गं, तूच येत जा," आन् ह्या खड्याच्या वाटेनं अनवाणी...

शिवानीनं समदं सांगितलं. मुदत, संध्याकाळ, पॅकिंग, अडथळा. अडथळा म्हणताना आवाज बारीक केला. चंद्रीनं कंबरेवर हात ठेवले. "मग आधी सांगायचं! मी काय वाटंत आडवी पडले असते?"

"व्हय, पडली असतीस," म्या म्हणलं.

माझ्याकडं बघितलंबी न्हाई. लोकांकडं वळली. "चला रे समदी! परत खाली जा आन् नीट चालत या. पोरीचं काम हाय. रडत न्हाई, पळत न्हाई, नेहमीवानी. आन् माझ्या दारात थांबंल त्याच्या नडगीवर काठी बसंल!" आन् खरंच वो, त्या दुपारी अख्खी वाडी खाली उतरली आन् न थांबता वर चढली. धनाजी आला, कळक ठेवून. माझी सून आली. संजय टेम्पो खालच्या रस्त्याला लावून आला, ते पोट घेऊन, लालबुंद होऊन. चंद्राबाई दारात काठी घेऊन उभी, "चला, पुढं चला! बोलू नका! च्या न्हाई आज!" एका पोरीच्या ओळीसाठी दहा माणसं वाकली. सावड न्हाई तर काय म्हणायचं ह्याला?

पण पोरीचा खरेपणा बघा. सकाळच्या वेळीबी सगळ्यांच्या खिशातली यंत्रं चालूच होती, बंद करायची कुणाला येत होती? ती बी मापं आलेली. दुसरं कुणी असतं तर गुपचूप पुसून टाकली असती. हिनं दोन्ही पाठवली आन् लिवलं, 'सकाळची मापं ही माणसं मयतीला निघाल्यासारखी चढली तेव्हाची आहेत, हिशेबात धरू नयेत. दुपारची खरी.' शेफालीबाईनं समदं वाचलं. सकाळच्यातलं एक माप तिला पटंना. तिसऱ्या वळणापास्नं वरपर्यंत शिवानीला वीस मिनिटं लागतात, मला तीस, आन् एक बहात्तर वर्षांची बाई सतरा मिनिटांत! 'हा आकडा नक्कीच चुकलाय. काढून टाकू का?'

शिवानीनं मला विचारलं. म्या खाली त्या खड्याच्या वाटेकडं बघितलं. मग म्हणलं, "न्हाई. चुकला न्हाई. ऱ्हाऊ दे."

पोरीनं काय लिवलं ते मला म्हायती न्हाई. तिकडनं एवढंच आलं, 'समजलं. ठेवते.' अशी बाई! बर्फात राहून तिला चंद्राबाई कळली.

दुरुस्ती मान्य झाली, अर्ज वेळेत गेला, आन् महिन्यानं निकाल आला. गोठ्यातच आला, दुसरं कुठं येणार? पोरगी गव्हाणीवर बसून हसंना की रडंना, म्हशीच्या गळ्यात हात घालून बसली. निवडली! जगातनं किती पोरं बसली होती, त्यातनं आमच्या वाडीची! संजयला फोन लावला, तर त्यानं कापूरहोळच्या फाट्यावर टेम्पो उभा केला आन् नुसता हॉर्न वाजवत बसला, लोकं शिव्या देताहेत आन् हा वाजवतोय. पैसे किती मिळत्यात ते मी सांगणार न्हाई, धनाजीचे कान लांब हाईत. पण संजय परवा शिरवळच्या माणसाला सांगत होता, "न्हाई वो, तिला येळ न्हाई, ती जगाची वाट मोजती." असा ऐटीत!

आन् नकाशा? आता बघा मोबाईलमध्ये. पन्नास मिनिटं दाखवतो! शिवानी म्हणती, हा हिशेब आता नुसता आपल्या वाडीला न्हाई, जिथं जिथं चढ हाय तिथं लागंल. कुठल्या देशातल्या डोंगरावरची कोण म्हातारी असंल, तिची बी गाडी आता चुकायची न्हाई. म्हणजे माझे गुडघे कुठवर पोचले बघा! आन् काम करणाऱ्यांची नावं असत्यात तिथं, त्या यादीत शिवानीचं नाव, आन् मापं देणाऱ्यांत आमची. पयलं कुणाचं? चंद्राबाईचं! सगळ्यात कमी वेळ म्हणून! चार दिवस चालले मी, गप बसले मी, आन् वर नाव चंद्रीचं. आता दारात बसून येणाराजाणाराला सांगती, "जगात पयली आले." सूप बाजूला ठेवून सांगती! अर्ध्या तासाचा तिथं आता पाऊण तास लागतो.

म्हणून म्या परत शिवानीला म्हणलं, बाई, पन्नास दाखवतंय ते रिकाम्या हातांचं. डोक्यावर भारा असला तर? पावसात वाट निसरडी झाली तर? माझी तक्रार हाय, लिवून घे! घेतली. नंबर पडला. आभारी आहे आलं. आन् खाली काय आलं? 'मापं कधी पाठवता?' म्हणजे आता आषाढात डोक्यावर भारा घेऊन ही सत्तरीची म्हातारी पाच येळा चढणार! ह्या लोकांची रीत कळली का तुमास्नी? जो बोट दाखवतो त्याच्याच हातात विळा देतात. आन् आपण उपकार केल्यावानी घेतो, कारण मागितला आपणच!

...आली वाटतं गाडी. आन् हे बघा, ह्या बाकड्याची फळी निखळलीया, लुगड्यात खिळा घुसतोय मघापास्नं, माझी तक्र—

ओ दादा! पेन कशाला काढलंत? ठेवा आत, ठेवा! लिवून घेऊ नका, बया! खिळा काय, चांगला हाय खिळा. मी उभीच ऱ्हाते.